काचेच्या दारापर्यंत

जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या कंपाउंडरचं एक भाषण ठरलेलं होतं. कुणी मांजर नाहीतर कुत्रं तपासायला आणलं आणि बोलता बोलता घरात उंदीर झालेत असं म्हणालं, की हातातलं काम बाजूला ठेवून तो सुरू व्हायचा. धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. पाइपाभोवतीची भोकं तारेची घासणी कोंबून बुजवा. पिंजरा लावा. चिकट पुठ्ठा नको, त्याला मांजराचाच पंजा चिकटतो. आणि विषाचं नाव निघालं की त्याचा आवाज चढायचा.

"उंदीर ते खाऊन जागच्या जागी मरत नाही. चार दिवस झिंगत फिरतो आणि तुमचं मांजर त्याला आयतं उचलतं. मग त्याचंही आतल्या आत रक्त वाहतं. घरात जनावर असताना विष ठेवणारा माणूस काय लायकीचा, तुम्हीच सांगा!"

शाळेतल्या एका बाईंना त्याने हे भरल्या बाकांसमोर ऐकवलं होतं. त्यांच्या कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या होत्या. कुत्रं वाचलं, पण बाई रडकुंडीला आल्या. नंतर डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "अहो, जरा हळू घ्या. असं बोललात तर लोक लाजेने जनावर आणायचेच नाहीत." त्याला ते काही पटलं नाही.

आणि मग त्याच्याच घरात उंदीर झाले.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याचे वडील. वडिलांच्या डोळ्यांना आता उजेड-अंधार आणि माणसाची सावली एवढंच कळायचं. तिसऱ्या बाईसाहेब, म्हणजे चौदा वर्षांची करड्या रंगाची जाडजूड मांजर. बाईसाहेब बारा तास वडिलांच्या मांडीवर आणि बारा तास त्यांच्या पायाशी असायच्या. उंदीर समोरून गेला तरी त्या नुसती मान वळवून बघायच्या. वडील हसून म्हणायचे, "आमच्या बाईसाहेब आता पेन्शनीत आहेत."

कंपाउंडरने आधी सगळं शहाण्यासारखं केलं. भोकं बुजवली, डबे बदलले, पिंजरा लावला. महिन्याभरात पिंजऱ्यात दोन सापडले, आणि कपाटामागची कुरतड होती तशीच राहिली. एका सकाळी वडिलांच्या पायाच्या अंगठ्याला दातांच्या खुणा दिसल्या. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना काही कळलंच नव्हतं. त्याचं डोकं फिरलं.

गोळ्या त्याने घराजवळच्या दुकानातून घेतल्या नाहीत. बस बदलून, जिथे त्याला कुणी ओळखत नाही अशा भागात गेला आणि चोरटेपणाने हिरव्या गोळ्यांची पुडी खिशात घालून परत आला. स्वयंपाकघरातल्या जड कपाटामागे त्याने त्या एका थाळीत ठेवल्या आणि कपाटाच्या दोन्ही बाजूंना विटा रचल्या. उंदीर जाईल, मांजर जाणार नाही एवढीच फट ठेवली. लोक हे नीट करत नाहीत, आपण नीट केलंय, असं त्याने स्वतःला बजावलं. बाईसाहेब तर शिकार करतच नाहीत. झिंगलेला उंदीर समोर लोळत आला तर पेन्शनीतली मांजरसुद्धा पंजा मारते, हे जो रोज लोकांना सांगायचा तोच विसरला.

नवव्या दिवशी सकाळी बाईसाहेबांच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या. नाकाशी रक्ताचा एक बारीक थेंब होता. त्याला एका क्षणात सगळं कळलं. त्या विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातल्या कपाटात होतं. त्याने बाईसाहेबांना टोपलीत घातलं, वर टॉवेल टाकला, वडिलांना "जरा तपासून आणतो" म्हणाला आणि जवळजवळ पळतच निघाला.

दवाखान्याच्या काचेच्या दारापर्यंत तो पोहोचला. आतले सगळे बाक भरलेले होते. दारासमोरच्या बाकावर शाळेतल्या त्या बाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई आपल्याला विचारणार, "काय झालं हो हिला?" आणि त्याचं उत्तर त्या बाईंसमोर द्यावं लागणार. त्याचा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथे किती वेळ उभा राहिला, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

मग तो मागे वळला. एक वाजता गर्दी ओसरेल, तेव्हा गुपचूप इंजेक्शन देऊ, असं ठरवून तो मागच्या गल्लीत पायरीवर टोपली मांडीवर घेऊन बसला. साडेबाराला टोपली जड झाली. आतली धाप थांबली होती.

बाईसाहेबांना त्याने रेल्वेलाइनच्या कडेला एका झाडाखाली पुरलं. हात धुऊन घरी आला, तेव्हा वडील दाराकडे तोंड करून बसले होते.

"आल्या का बाईसाहेब?"

"काही विशेष नाही झालेलं," तो म्हणाला. "खिडकीतून बाहेर गेल्यात. येतील."

एवढं खोटं बोलून तो मोरीत गेला आणि नळ सोडून रडला. लाज इतकी वाटत होती, की आरशात बघवेना.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना वडील म्हणाले, "आल्या हो पहाटे. पायाशी येऊन बसल्या."

म्हाताऱ्या माणसाला भास झाला असेल, असं त्याला वाटलं. सांगून टाकावं म्हणून त्याने तोंडही उघडलं. पण वडिलांचा हात मांडीवर, वीतभर उंचीवर, हवेत सावकाश पुढे-मागे फिरत होता. मांजराच्या पाठीला असतो तसा त्या हाताला बाक होता. त्याने तोंड मिटलं.

दोन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की कुरतड थांबली आहे. घरात एकही उंदीर उरला नव्हता. बाईसाहेबांच्या वाटीत वडील सवयीने दूध ओतायला लावायचे आणि संध्याकाळी वाटी कोरडी असायची. वडिलांच्या पायाशी चादरीला एक गोल खळगा पडलेला असायचा. एकदा तो चादर झटकायला गेला, तर खळग्यातलं कापड ओल्या फरशीसारखं गार लागलं.

दवाखान्यातही काहीतरी बिनसलं होतं. पिंजऱ्यातली मांजरं त्याच्याकडे बघेनाशी झाली. त्याच्या बुटाशेजारच्या जमिनीकडे बघायची. तो टेबलाकडून कपाटाकडे गेला, की त्यांची नजर जराशी मागे राहून जमिनीवरूनच त्याच्यामागे जायची.

"तुमचा तो भाषणाचा कार्यक्रम बंद झाला वाटतं?" डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं. त्याने मान खाली घालून सुया मोजल्या.

मग एका सकाळी वडिलांच्या मनगटावर पुसट लाल डाग दिसला.

"तोंड लावलं असेल त्यांनी," वडील म्हणाले. "हल्ली ओलं असतं तोंड."

त्याने डाग पुसला. पुसल्यावर खाली एक निळा डाग राहिला. कोपराशी दुसरा होता. पाठीवर तर हाताएवढा. दात घासताना वडिलांनी थुंकलेलं पाणी गुलाबी होतं.

त्याने नळ बंद केला.

"बाबा, काय खाल्लंत तुम्ही?"

"तू देतोस तेच. आणि बाईसाहेब रोज काहीतरी आणून तळहातावर ठेवतात तेवढं. दाण्यासारखं असतं."

"आणि तुम्ही ते खाता?"

"एवढ्या लांबून आणतात. टाकायचं कसं?"

तो स्वयंपाकघरात धावला. बाईसाहेब गेल्यापासून त्या कपाटामागे बघायचा धीर त्याला झाला नव्हता. विटा जशाच्या तशा होत्या, त्यांच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. गुडघ्यांवर बसून त्याने विटा काढल्या, कपाट ओढलं.

थाळी रिकामी होती. चाटून पुसल्यासारखी.

इस्पितळात तपासणीच्या खोलीत पडदेही नव्हते. शेजारी शेजारी आठ खाटा, प्रत्येकीभोवती नातेवाईक. दोन जण तर त्याच्याच गल्लीतले होते. तरुण डॉक्टरने वडिलांचे डाग दाबून बघितले.

"रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का यांना?"

"नाही."

"मग काय झालं? काही खाण्यात आलंय का?"

खोलीतली माणसं ऐकत होती. कंपाउंडरच्या तळहाताला पुन्हा ती दाराची थंड मूठ जाणवली. माहीत नाही, एवढे दोनच शब्द बोलले की सुटला असता.

"उंदराचं विष," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "उंदराच्या गोळ्या. मीच ठेवल्या होत्या. आमची मांजर त्यानेच मेली. तिला वाचवता आलं असतं. लोक काय म्हणतील म्हणून मी दवाखान्याच्या दारातून परत फिरलो."

कुणीतरी चुकचुकलं. डॉक्टर मात्र नर्सकडे वळून भराभर सांगायला लागला होता. इंजेक्शन आलं, सलाइन लागलं. तासाभराने डॉक्टर म्हणाला, "वेळेवर बोललात. वाचतील."

तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला. शरमेने त्याला मान वर करवेना.

"बाबा, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे," वडील म्हणाले. "पहिल्याच पहाटे कळलं. जिवंत अंग इतकं गार नसतं. आणि त्या दिवशी तुझ्या कपड्यांना दवाखान्याचा वासही नव्हता."

"मग त्या गोळ्या..."

"त्याही कळल्या. वासावरून."

"अहो, मग खाल्ल्यात कशाला?"

वडिलांनी त्याच्या दिशेने मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"माझ्या वेळेला तरी आत येतोस का, ते बघायचं होतं," ते म्हणाले. "आम्हा दोघांनाही."

नर्स चादर नीट करायला आली. तिने ती छातीवर ओढली, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचली. पायाकडे आल्यावर ती क्षणभर थांबली, आणि पावलांजवळचा तेवढा गोल भाग तिने न ओढता, हळूच वळसा घालून खोचला.