चार माणसांचा तंबू

तंबू घ्यायचा तर चौघांनी मिळून, डोळ्यांनी बघून घ्यायचा, असं ठरलं होतं. ठरवलं गुणमालानंच, आणि एकदा ठरवलेलं तडीस नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे. साताऱ्याच्या मोजणी कार्यालयात ती नकाशे उतरवून काढायची. जुन्या पिवळ्या नकाशावर पातळ कागद टाकायचा आणि बांध, विहिरी, ओढे जसेच्या तसे शाईनं उमटवायचे. रेघ केसभर सरकली तरी कुणाच्या तरी रानाचा तुकडा शेजाऱ्याकडे जातो, असं ती नव्यानं लागलेल्या मुलींना दहादा सांगे. मुली तिच्यासमोर मान डोलवत आणि पाठीमागे तिची नक्कल करत.

पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तिची सांगलीहून साताऱ्याला बदली झाली होती. नवरा जयपाल सांगलीच्या हळदपेठेत एका अडत्याकडे कामाला. सासू चंपाबाई आणि नऊ वर्षांची कुसुम त्याच्यापाशी. गुणमाला साताऱ्यात खोली घेऊन राहायची, शनिवारी अर्धा दिवस भरून एस.टी. पकडायची आणि सोमवारी पहाटे परत फिरायची. आठवड्यातून दीड दिवस आई. त्या दीड दिवसात पोरीची नखं कापायची, पाढे घ्यायचे, शिकवायचं, रागवायचं आणि लाडही करायचे. परतीच्या गाडीत बसलं की आपण रागावलोच जास्त, हे तिच्या ध्यानात यायचं.

तंबूचं खूळ तिनंच पोरीच्या डोक्यात भरलं होतं. मोजणीवाले डोंगरात तंबू ठोकून कसे राहतात, दगडांच्या चुलीवर कसं रांधतात, हे एकदा ती रंगवून सांगून बसली आणि कुसुमनं हट्टच धरला. पण खरं सांगायचं तर पोरीपेक्षा आईलाच ते जास्त हवं होतं. तीन दिवस एका कापडाखाली चौघं, आणि तिला कुठली गाडी पकडायची नाही. वर्षभरात हातातून निसटलेलं घर तीन दिवसांत परत हाती येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

मे महिन्याच्या मध्यावर कासच्या तळ्याकाठी जायचं ठरलं. पोवई नाक्यालगतच्या एका बोळात केरबा हवालदाराचं दुकान होतं. लष्करानं निकालात काढलेले बूट, कांबळी, डबे आणि तंबू तो विकत असे. शनिवारी सांगलीहून दहाच्या गाडीनं तिघांनी निघायचं, दोनला साताऱ्यात उतरायचं आणि सगळ्यांनी मिळून दुकानात जायचं. गुणमाला मात्र कचेरी सुटल्यावर साडेबारालाच तिथं जाऊन पोचली. नवऱ्यानं भलताच काहीतरी पसंत करू नये म्हणून आधी माल बघून ठेवावा, एवढाच तिचा हेतू होता.

केरबा दारातच स्टुलावर बसला होता. तिला बघून तो उठला.

"आता काय ऱ्हायलं, बाई? सोमवारी माल बांधून ठेवतो म्हनलं न्हवं?"

आपल्याला दुसरंच कुणी समजतोय, असं तिला वाटलं. आपण तंबू बघायला आलोय आणि ह्या दुकानाची पायरी आज पहिल्यांदाच चढतोय, असं तिनं सांगितलं. केरबा हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"बेस्तरवारी आलासा की चौगंबी. मालक, म्हातारी, ती दोन वेण्यांची पोरगी. आन तुमी."

गुरुवारी गुणमाला सहा वाजेपर्यंत टेबलाशी मान मोडून एक ओढा काढत होती. केरबा तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं एक हिरवट तंबू ठोकलेला होता. गिऱ्हाइकाला फुटांचे आकडे कळत नाहीत, म्हणून केरबाची एक पद्धत होती. तो सगळ्या घराला तंबूत आडवं व्हायला सांगे आणि खालच्या ताडपत्रीवर प्रत्येकाच्या अंगाभोवती खडूची रेघ ओढे. कोण कुठं मावतं ते लगेच दिसायचं.

ताडपत्रीवर चार आकृत्या होत्या. एक रुंद, पोटाशी फुगलेली. एक कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेली. चंपाबाई जन्मभर तशीच झोपत आली होती. एक लहान. आणि लहानीला लागून, दाराच्या बाजूला चौथी.

त्या चौथीचा डावा गुडघा बाहेर वळलेला होता.

गुणमाला सात वर्षांची असताना बैलगाडीतून पडली होती. हाड वाकडं सांधलं गेलं आणि तेव्हापासून निजली की तिचा डावा पाय सरळ राहत नसे. लुगड्याआडची ही गोष्ट आई गेल्यावर एका नवऱ्यालाच ठाऊक होती. तिनं पिशवीतून टेप काढली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. मग टेप गुंडाळून परत पिशवीत ठेवली. स्वतः त्या रेघेत आडवं होऊन बघायचं मात्र तिनं टाळलं.

"चामड्याचं पट्टं काडून सुती नाड्या लावल्या बगा," केरबा म्हणाला. "म्हातारीला चामडं चालत न्हाई, असं तुमीच सांगितलासा."

चंपाबाई घरात चामड्याची वस्तू येऊ देत नसे, पाकीटसुद्धा नाही. आणि महिनाभर तंबूचा विचार करूनही गुणमालाला हे सुचलं नव्हतं. कुणीतरी तिच्यापेक्षा चांगली सून होऊन येऊन गेलं होतं.

"ती बाई दिसायला कशी होती?" तिनं विचारलं.

केरबानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तो एक पाऊल मागं सरला. "माजी चेष्टा करू नगा, बाई. वय झालंय माजं."

स्टँडवर दोनची गाडी आली. तिच्यातून बाजारकरी उतरले, एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं, तिचं कुणी उतरलं नाही. तिनं सांगलीची गाडी पकडली आणि कराड येईपर्यंत डोक्यात सगळा हिशेब जुळवला. जयपालनं कुणीतरी बाई धरली आहे. तिला घेऊन तो साताऱ्यात आला, बायकोच्या खोलीपासून दहा मिनिटांवर, आणि बायको म्हणून तिला तंबूत निजवलं. पाय वाकडा करून निजायलाही त्यानंच शिकवलं असणार. हे पटण्यासारखं नव्हतं, पण रागाला तेवढं पुरलं. आणि राग होता तोवर भीतीला जागा नव्हती.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायचा घरचा नेम, त्यामुळे ताटं विसळून पालथी घातलेली होती. तिच्या वाटचं काही ठेवलेलं नव्हतं.

"ह्या शनिवारी येणार न्हवतीस न्हवं तू?" जयपाल खरोखरच चकित झाला होता. तिनं विचारायच्या आधीच त्यानं कोनाड्यातून पोस्टकार्ड काढून दिलं. शनिवारी स्टँडवर फार गर्दी असते, गुरुवारी या, मी रजा टाकते. तंबूला चामडं नको, आत्यांना चालणार नाही. मग ह्या शनिवारी मी येत नाही, परस्पर कासलाच भेटू.

अक्षर तिचं होतं. नकाशावर गावांची नावं लिहून लिहून तिच्या 'ळ'ला एक चौकोनी वळण आलं होतं, ते कार्डावर तीन ठिकाणी होतं. दुसऱ्याच्या रेघा उतरवण्यात जिची हयात गेली, तिला नक्कल ओळखता येत होती. ही नक्कल नव्हती.

"कोण आहे ती?" तिनं विचारलं.

जयपालला प्रश्नच कळला नाही. त्याचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, पेठेत सगळे त्याला त्यावरून चिडवत. त्या चेहऱ्यावर एखादी लाज, एखादा चोरटेपणा दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिथं फक्त काळजी होती, आजारी माणसाबद्दल असते तशी.

चंपाबाई भिंतीला टेकून जप करत होती. मुनिमहाराजांच्या पायाशी बसून तिनं खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं होतं आणि पंधरा वर्षं ते पाळलं होतं, कित्येकदा इतरांची पंचाईत करून. "तूच व्हतीस, गुणा," ती म्हणाली. "तंबूत बसून माज्या पायाला तेल चोळलंस. लई दिसांनी."

रात्र तिनं भिंतीकडे तोंड करून काढली. सकाळी कुसुमची वेणी घालताना तिनं पोरीला एकटीला गाठलं. आरसा समोर नव्हता, त्यामुळे विचारणं सोपं गेलं. गुरुवारी तुझ्याबरोबर कोण होतं, खरं सांग, मी रागावणार नाही.

"तूच होतीस," कुसुम म्हणाली. थोड्या वेळानं तिनं आणखी सांगितलं, "त्या दिवशी तू घाईत नव्हतीस."

नवऱ्यानं फसवलं असतं तर ती भांडली असती. सासूनं साथ दिली असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. पण पोरीनं दोघींना ताजव्यात घातलं होतं आणि कोण जड ठरलं ते तिच्या बोलण्यात स्पष्ट होतं. इतकी मोठी फसवणूक आयुष्यात कुणी केली नव्हती, आणि करणारीला त्याचा पत्ताही नव्हता. गुणमालानं वेणीची गाठ मारली. ती जरा जास्तच आवळली गेली.

सोमवारी तिनं कचेरीतला हजेरीपट पाहिला. गुरुवारची सही होती. तो ओढाही होता, खाली तारीख आणि तिची आद्याक्षरं. ती कचेरीतच होती, हे तिनं स्वतःला पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवलं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. त्याच दुपारी तिनं जयपालला चार ओळी लिहिल्या. मी कासला येत नाही, ज्यांना न्यायचं त्यांना न्या. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी ती मंडळी साताऱ्यात गाडी बदलून कासला गेली. ते तिला केरबाकडून कळलं. तंबू त्यानंच गाडीच्या टपावर चढवून दिला होता. तिच्या खोलीकडे कुणी फिरकलंही नाही. किती जण होते, हे तिनं विचारलं नाही आणि केरबानं सांगितलं नाही.

शनिवारी कचेरी सुटल्यावर ती खोलीवर न जाता सरळ स्टँडवर गेली. त्या चौथ्या जागेवर कोण आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, झिंज्या धरून बाहेर काढायचं, एवढंच तिच्या मनात होतं. यवतेश्वरचा घाट चढून गाडी पठारावर आली. गाडीत करवंदांच्या पाट्या होत्या. तळ्याच्या फाट्यावर ती एकटीच उतरली. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन होतं, पण वारा गार होता.

तंबू लांबूनच दिसला. पाण्यापासून हातभर उंचावर, जांभळीच्या सावलीत, दोऱ्या नीट ताणलेल्या. चुलीचे तीन दगड. झुडपावर पाण्याचं गाळणं वाळत घातलेलं. तिनं मनात किती तरी वेळा मांडलं होतं, अगदी तसंच सगळं होतं.

दाराशी वहाणांचे चार जोड होते.

आतून कुसुमच्या हसण्याचा आवाज आला. असं पोट धरून हसणं गुणमालानं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

तिची पावलं वाजली असावीत. पडदा बाजूला झाला आणि जयपाल ओणवा होऊन बाहेर आला. झोपेनं त्याचे केस विस्कटले होते. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग परक्या बाईकडे बघताना बघतात तशी नजर जरा खाली केली.

"काय पाहिजे, बाई?"

तिनं नाव सांगायला तोंड उघडलं.

"अहो, त्यांना आधी पाणी द्या," तंबूतून कुणीतरी म्हणालं. "उन्हातनं आल्यात."

तो आवाज तिनं असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. तिच्यापेक्षा तो सावकाश बोलत होता. पण ओळखायला क्षणही लागला नाही.

जयपाल आत वळला. कुसुम पितळी तांब्या घेऊन आली. दोन्ही वेण्या नीट घातलेल्या होत्या, रिबिनी सारख्या बांधलेल्या. तिनं तांब्या पुढं केला.

"घ्या, मावशी."

"कुसुम," गुणमाला म्हणाली.

पोरगी घाबरली नाही. तिनं नुसती मान मागं वळवली. "आई, ह्यांना माझं नाव ठाऊक आहे."

"असू दे," आतून आवाज आला. "पाणी दे आणि ये. आजी वाट बघती."

वरून ओतून प्यायचं गुणमालाला सुचलं नाही. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि तळाचा थेंब जाईपर्यंत प्यायली. पाणी गार होतं आणि दुहेरी फडक्यातून गाळलेलं होतं.

कुसुमनं रिकामा तांब्या दोन बोटांनी धरून परत घेतला. ती आत गेली नाही. आधी पाण्याच्या कडेला जाऊन बसली, आणि परक्याचं तोंड लागलेलं भांडं घासतात तशी मूठभर माती घेऊन तांब्याचा काठ घासू लागली. तीनदा घासून, तीनदा विसळून मग तिनं तो आत नेला.