चाळिसाव्या महिन्यातली कासवं

"टोपली आज उघडायची नाही," खेकड्या म्हणाला. "अजून चाळिसावा महिना लागलेला नाही."

खेकड्या हा सहा पायांचा, तिरका चालणारा यंत्रमानव. मांडवणे गावच्या किनाऱ्यावर तो कासवांच्या अंड्यांची राखण करी. वाळूतल्या प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली असे. कुत्र्या-कोल्ह्यांच्या भीतीने तिला कुलूप असे, आणि ते फक्त खेकड्याच उघडू शके.

तेजल टोपलीला कान लावून बसली होती. आत खरखर चालली होती. पिल्लं वर आली होती! पूर्वेला तांबडं फुटलेलं. ऊन चढून वाळू तापली, तर ती आतच सुकून जाणार होती.

"आबा, हा ऐकतच नाही हो!"

तिचे आजोबा कासवांचे शास्त्रज्ञ. ते गुडघे धरत खाली बसले आणि टोपलीवरची उजळती पाटी वाचू लागले. 'उघडण्याची वेळ: १४-४०-२०६१, ०५:४०.'

"अधिक महिना धरला तरी वर्षाचे तेराच होतात," आबा म्हणाले. "बाकीचे सत्तावीस कुठून आणलेस रे?"

"पाटीवर आहे ते वाचलं. पाटीची आज्ञावली (यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना) काल तेजलताईंनी लिहिली."

तेजलचा चेहरा उतरला. "आबा, पिल्लं मेली तर माझ्यामुळे..."

"रडायला मागाहून वेळ काढू. आधी विचार कर. खेकड्याच्या पोटात तारीख नसतेच. तिथे असते एक लांबलचक संख्या. ठरलेल्या एका क्षणापासून किती सेकंद झाले, एवढंच ती सांगते. आपल्याला ती वाचून काही कळत नाही, म्हणून साचा (वेळ कोणत्या क्रमाने लिहायची त्याचा नमुना) द्यावा लागतो. तू कोणता दिलास?"

"द-म-व, त:म. द म्हणजे दिवस, म म्हणजे महिना, व वर्ष, त तास आणि म म्हणजे मिनि..." ती थांबली. पाटीकडे बघत राहिली. "आबा! चाळीस दोनदा आलेत. मिनिटंच महिन्याच्या जागी जाऊन बसलीत!"

"माझ्याकडे एका अक्षराचा एकच अर्थ राहतो," खेकड्या म्हणाला. "आधी महिना सांगितला, नंतर मिनिट. नंतरचा ठेवला."

"विचारायचंस तरी!"

"विचारायला सांगितलं नव्हतं."

आबांना हसू आवरेना. "काही लिप्यांत अक्षर मोठं आणि छोटं असं दोन्ही असतं. महिन्याला मोठं, मिनिटाला छोटं, असं भागवतात. आपल्या 'म'मध्ये कुठे थोरला-धाकटा?"

तेजलने बोटाने वाळूत 'म' काढला. क्षणभर थांबून तिने त्याला वेलांटी दिली.

"म म्हणजे महिना. मि म्हणजे मिनिट. खेकड्या, नवा साचा घे: द-म-व, त:मि."

पाटी लुकलुकली. '१४-०४-२०६१, ०५:४०.'

"वेळ होऊन गेली आहे," खेकड्या म्हणाला आणि घाईघाईने तिरका धावला. कडी खटकन निघाली.

बटणाएवढ्या डोळ्यांची काळपट पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. तेजलने टोपली उचलताच ती फुटलेल्या लाटांच्या दिशेने वल्ही मारत सुटली.

"आज्ञावलीत अजून एक ओळ घाल," आबा म्हणाले. "पाटी माणसांनी वाचायची. कुलूप उघडायचं की नाही, हे खेकड्याने पोटातली संख्या पाहून ठरवायचं."

तेजलने ती ओळ तिथेच सांगून टाकली. तोवर शेवटचं पिल्लू पाण्याशी पोचलं. एका लाटेने ते मागे ढकललं, दुसरीने उचलून नेलं.

"यातल्या माद्या पुढे अंडी घालायला याच किनाऱ्याकडे येतात म्हणे," तेजल म्हणाली. "खेकड्या, त्या दिवसाची एक पाटी करून ठेव ना."

"कधी येतील?"

"मोठ्या झाल्या की. केव्हातरी."

"केव्हातरीची संख्या माझ्याकडे नाही."

"मग साचा तेवढा तयार ठेव," तेजल म्हणाली. "आकडे त्या आल्यावर भरू."