गिटारीची खरखर

आश्विनातली दुपार. गावाच्या एका अंगाला लख्ख ऊन अन् दुसऱ्या अंगाला पाऊस, असा आभाळानं आपला खेळ मांडलेला. धामणगाव बढ्याच्या बाजाररस्त्यावर एक मोटारसायकल गचकन थांबली. पाठीवर गिटार अडकवलेला एक तरुण पोत्यात गुंडाळलेलं खोकं छातीशी धरून समोरच्या टिनाखाली शिरला. तो स्वतः नखशिखांत भिजला होता... खोकं मात्र कोरडं ठाक!

आत टेबलापाशी जयमाला भोंग्याची वायर सोलत बसली होती. तो खोक्यावरचं पोतं असं हळुवार सोडत होता, की तिला राहवलं नाही.

"काय हाय त्याच्यात? लेकरू?"

"तसंच समजा जी. आजारी लेकरू." त्यानं कपाळावरचं पाणी निपटलं. "गिटारीचा आवाज वाढवणारा अँप हाय. इथं कोणी दुरुस्त करणारा भेटते का?"

कोपऱ्यात नव्या कापसाच्या वाती वळत बसलेली बेबीआत्या खुदकन हसली. "देवानं दारात आणून सोडला, अन् हा पत्ता विचारून राह्यला!"

पावसासाठी बांधलेल्या ताडपत्रीखाली दुकानाची पाटीच झाकली गेली होती. जयमालाच्या वडिलांचं, वामनरावांचं, हे लाउडस्पीकरचं दुकान.

"ठेवा टेबलावर. बाबा देवळात भोंगे बांधाले गेले. ते येईपर्यंत मीच हाय."

आत्याचे हात वातीवर, पण कान इकडे. दिवसभर गिऱ्हाइकांना 'दादा', 'भाऊ' म्हणणारी ही पोरगी याला मात्र काहीच म्हणून राहिली नव्हती.

त्याचं नाव ज्ञानेश्वर. गाव देऊळघाट. घरी शेती, आणि चुलते कारभारी महाराज कीर्तनकार. आज कोजागिरीला धामणगावच्या विठ्ठल मंदिरात त्यांचंच कीर्तन होतं.

"तुमी कीर्तनात गिटार वाजवता?" जयमालाचे डोळे मोठे झाले.

"वाजवत होतो. मृदंगाच्या मागं, हळूच... काकांनी परवानगी देल्ली होती. पण नवमीपासून हा असा खरखरते, की परवाच्या भजनात सारे टाळकरी हसले. काका म्हणाले, आज एकडाव पाहू. नीट वाजली तर वाजली. नाई तर समजायचं, देवाच्या मनात नाई."

"अन् तुमाले काय वाटते?"

त्यानं पाठीवरची गिटार पुढं घेतली. मग तारांकडे पाहत म्हणाला, "मलेबी तसंच वाटते. विठोबाले माही गिटार आवडली नसन."

ते त्यानं इतक्या खऱ्या मनानं म्हटलं, की जयमालाच्या आत काहीतरी हललं. पोटापाण्यासाठी रडणारे तिनं पाहिले होते. देव रुसला म्हणून इतका कोमेजलेला माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

"देवाचं मागून पाहू," ती म्हणाली. "आधी याचं पाहू. वाजवा."

त्यानं तार छेडली. खर्रर्र... सुरामागं कुणी वाळली पानं चुरगळावीत तसा आवाज. जयमालानं बटण बंद केलं, अँपची वायर काढून दुकानातल्या दुसऱ्या स्पीकरला जोडली. "आता वाजवा." सूर निघाला तो ओढ्याच्या पाण्यासारखा नितळ!

"अँप चांगला हाय. दुखणं आतल्या स्पीकरचं हाय."

तिनं खोक्यातला स्पीकर सोडवून टेबलावर उताणा ठेवला. घड्याळाचा सेल घेऊन त्याची दोन टोकं स्पीकरच्या तारांना टेकवली. कागदाचा पडदा 'टक' करून उचलला गेला. "जीव हाय याच्यात." मग दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा अलगद खाली दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कान लावला.

"या इकडं. ऐका."

तो वाकला. दोन डोकी स्पीकरवर जवळ आली. आत बारीक खसखस होत होती... पण ज्ञानेश्वरला ती कितपत ऐकू आली, पांडुरंगालाच ठाऊक. तिच्या केसांना जास्वंदीच्या तेलाचा वास होता, अन् त्याच्या भिजल्या बाहीतून एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

"आयकू येते का?"

"हाव... येऊन राह्यलं."

"काय?"

तो गोंधळला. आत्या वाती वळता वळता खोकली.

जयमाला हसू दाबत सरळ झाली. अन् तेव्हाच तिला ते दिसलं. पडद्याच्या मधोमध असते ती वाटीसारखी टोपी आत चेपलेली होती, तिची एक कड सुटली होती, अन् वर पिवळ्या गंधाचा, काळ्या बुक्क्याचा ठसा.

"हे काय?"

ज्ञानेश्वरचा चेहरा पडला. "खंडेनवमीले पूजा केली ना... आई म्हणे, पूजेच्या वस्तूवर धूळ नको. तिनं समोरचं कापड धुवाले काढलं. मंग मी गंध लावला, बुक्का लावला. मधात टेकाड दिसलं, म्हटलं हेच याचं कपाळ."

"अन् अंगठ्यानं दाबून लावला?"

"भक्तीनं लावला जी!"

आता मात्र जयमाला हसत सुटली. टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तोही आधी लाजला, मग हसला. बाहेर पाऊस उणावला होता अन् टिनाच्या कडेवरून उन्हात चमकणारे थेंब ओघळत होते.

"मोबाइलच्या बॅटरीचा उजेड धरा. अन् हात हलवू नका."

"तुमी जवळ असल्या तर हलनच थोडासा."

"मंग आत्याले धराले सांगू का?"

"नाई नाई! नाई हलत!"

तिनं ब्लेडच्या पातीनं टोपी कडेकडेनं सोडवली. आत लोहचुंबक अन् तारेचं वेटोळं, दोहोंमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत काळी भुकटी बसली होती. तिनं जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळली, श्वास रोखून ती फटीत फिरवली अन् वर काढली. काळा, घमघमता बुक्का! पुन्हा फिरवली, पुन्हा काढली, पट्टी पांढरी निघेस्तोवर.

पट्टी तिनं त्याच्यापुढं धरली.

"पाहा. म्हणे देवाले आवडली नाई! तो तर आत जाऊन बसला होता. जागा अडचणीची, म्हणून खरखरला."

ज्ञानेश्वर त्या पट्टीकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे. आता त्याचे डोळे भरले होते, अन् ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

चेपलेली टोपी तिनं आतून अंगठ्यानं उचलली, कडेला गोंद लावून पुन्हा बसवली. गोंद वाळेस्तोवर आत्यानं गवती चहा केला. काय बोलले दोघं? कापसाचं, भोंग्याचं, कोणत्या गावचे टाळकरी घाई करतात त्याचं. असल्या गोष्टीही कधी कधी किती गोड लागतात!

मग स्पीकर जागेवर बसला. ज्ञानेश्वरनं भीत भीत तार छेडली. स्वच्छ, गोल, भरलेला सूर! आत्याचे हात थांबले. "विठ्ठल, विठ्ठल," ती पुटपुटली.

सांजेला चांदणं उतरलं. मंदिरापुढं माणसं दाटली. वामनराव भोंग्यांकडे बघत होते, जयमाला खांबाशी आवाजाच्या बटणांवर बसली होती. कारभारी महाराज उभे राहिले. टाळ लागले, मृदंग बोलू लागला, आणि त्यांच्या खालून गिटारीचा सूर आला... मायेनं पाठीवरून हात फिरावा तसा. हसायला टपलेल्या टाळकऱ्यांची मान कधी डोलू लागली, ते त्यांनाही कळलं नाही. महाराज चरण म्हणता म्हणता थांबले. जयमालानं पटकन बटणांकडे पाहिलं. पण त्यांनी वळून पुतण्याला हातानं खूण केली: घे, पुन्हा घे! अन् गजर संपता संपता स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

जयमालानं कीर्तनात पहिल्यांदाच डोळे मिटले नाहीत. ती त्यालाच बघत होती.

दुधाचे पेले फिरू लागले तेव्हा तो खांबापाशी आला.

"जयमाला..."

"काय झालं? परत खरखरते का?"

"नाई. आता नीटच वाजन. तेच तर अवघड झालं. मले पुन्हा इकडं याले काही कारणच उरलं नाई."

"कारण नसलेल्या माणसाले आमची आत्या चहा देत नाई."

"मंग कारण सांगतो." त्याचा आवाज बारीक झाला. "मले तुमी आवडल्या. लय आवडल्या. उद्या आईले घेऊन येऊ का?"

तिनं एक बटण उगीच थोडं वर केलं, पुन्हा खाली आणलं.

"उद्या नका येऊ."

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

"उद्या बाबा मलकापूरले जाऊन राह्यले," ती मान खाली घालून म्हणाली. "परवा या. परवा ते घरीच हायेत."