मागच्या सीटखालची वायर

ही गोष्ट माझ्या मामाची आहे. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. मामाने जेवढं सांगितलं आणि आईने जेवढं कबूल केलं, तेवढंच लिहिते आहे.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही लख्ख दुपारी घडली. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उभ्या गाडीत.

मामा गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. स्वभावाने भारी नाक मुरडणारा. घरातल्याच कपाला कुणाचं बोट लागलं तरी कप पुन्हा विसळून घेणार. इंजिनवाल्यांसारखं तेलात लोळावं लागत नाही म्हणून त्याने हा धंदा धरला, असं आई त्याला चिडवायची. पण लोकांच्या गाड्यांच्या सीटखाली काय काय असतं, ते वायरिंगवाल्यालाच ठाऊक. चघळून चिकटवलेलं च्युइंगम, बुरशी आलेली सफरचंदं, उंदरांची गुलाबी पिल्लं... मामा नाकाला फडकं बांधून, गाडीमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत काम करायचा.

आमची गाडी जुनी होती. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड त्यांना नदीपलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागायचं. म्हणून आईने ती घाईघाईत एका दलालाकडून घेतली होती. आई चालवायची, बाबा मागच्या सीटवर आडवे.

आणि ती गाडी मध्येच मरायची.

इंजिन, दिवे, हॉर्न... सगळं एकदम ठप्प. किल्ली फिरवा, गाडीला धक्का मारा, काही नाही. मग जरा वेळाने आपोआप सुरू. जसं काही घडलंच नाही.

एकदा ती पुलाच्या मधोमध अशी बंद पडली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, म्हणून आईबाबा वाचले.

 दुसऱ्याच दिवशी आईने मामाला बोलावून घेतलं.

"दादा, उद्या यांना परत न्यायचंय. काहीही कर, पण ही गाडी मला रस्त्यात सोडून जाता कामा नये."

मामाने गाडीचं दार उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"अगं, काय मेलंय यात?"

"काही नाही. मी अख्खी गाडी फिनेलने पुसलीय."

"मग ते फिनेल पिऊन मेलं असेल."

आई हसली. मामाला मात्र हसू येईना. खवट तेल आणि दिवसचे दिवस न वाळलेला टॉवेल, असा काहीसा तो वास होता. तो नाकातून घशात उतरत होता.

त्या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली होती. मामाने ती तपासली. चार्ज पूर्ण. तिची टोकं स्वच्छ, घट्ट. फ्यूज ठीक. किल्लीचा स्विच हलवून पाहिला, तोही ठीक. डॉक्टरसमोर बसलं की पेशंटचा ताप उतरावा, तशी गाडी त्याच्यासमोर शहाण्यासारखी वागत होती.

अशा वेळी एकच उपाय उरतो. एकाने एकेक वायर हलवायची, दुसऱ्याने समोरच्या दिव्याकडे बघत ओरडून सांगायचं.

आई पुढे स्टिअरिंगसमोर बसली. किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. वासामुळे चारही दारं सताड उघडी ठेवली होती. मामाने मागची सीट उचलून बाहेर काढली, गुडघे टेकले आणि त्या खळग्यात तोंड घातलं. आता त्याला पुढचं काही दिसत नव्हतं.

"लाईट आहे?"

"आहे."

त्याने एक वायर हलवली. "आता?"

"आहे."

दुसरी. तिसरी. आईचं आपलं तेच, "आहे, आहे."

शेवटी उरली अर्थिंगची वायर. ही जाड वायर बॅटरीतून निघते आणि बोल्टने थेट गाडीच्या पत्र्याला घट्ट केलेली असते. तिचा तो बोल्ट गाडीच्या तळाला अंथरलेल्या जाड लोकरी नमद्याखाली झाकलेला होता. मामाने नमद्याखाली हात सारला आणि चाचपडत वायर हलवली.

"गेली..." पुढून आवाज आला.

मामाला हायसं वाटलं. सापडली बया!

त्याने हात सैल सोडला.

"आली..."

पुन्हा दाबली.

"गेली..."

आता बोल्ट शोधायचा. त्याने हात आणखी आत घातला. बोटांना काहीतरी लागलं.

मऊ. ओलं.

आणि... कोमट.

मेलेला उंदीर असणार, असं त्याने स्वतःला बजावलं. पण मेलेला उंदीर कोमट नसतो. त्याने श्वास रोखला, नमदा टरकावून वर ओढला.

केस होते.

लांब केसांचा भलामोठा बोळा, वायरीभोवती पिळे देऊन आवळलेला. तेलकट, चिकट, पिवळट. वायर आणि बोल्टच्या मधे केस शिरले होते, म्हणून करंट तुटत होता. वास त्याचाच होता.  मामाने फडक्यातून तोंडाने श्वास घेतला आणि बोळा ओढला.

"गेली..."

ओढताना बोळा ताणला गेला. रबरासारखा. केसांच्या मुळांना पांढरट कातडीचे पापुद्रे होते. काही पापुद्रे अजून ओलसर होते.

"गेली... गेली..."

"ऐकलं गं! ओरडू नकोस," मामा खेकसला.

"गेली..."

या वेळी मामाचा हात थांबला.

आवाज आईचाच होता. तोच सूर, तोच जरासा बसलेला घसा. पण तो पुढून येत नव्हता...

तो त्याच्या कानाशी येत होता.

आणि त्याच्यासोबत श्वास येत होता. खवट.

मामा सांगतो, तेव्हा मान वळवायची हिंमत झाली नाही. त्याने डोळे मिटले आणि सगळा जोर लावून हिसका दिला. बोळा सुटून हातात आला.

"आली," कानाशी कुणीतरी समाधानाने म्हणालं.

मग काही नाही. शांतता. फक्त छपराचा पत्रा उन्हाने तडतडत होता.

"दादा, सापडलं का काही?"

मामाने डोकं बाहेर काढलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात बादली.

पुढची सीट रिकामी होती. डॅशबोर्डवरचा दिवा लख्ख जळत होता.

"तू... कधी उठलीस?"

"केव्हाची! तुला सांगून तर गेले. यांना उलटी झाली, सगळं आवरत बसले होते. तू एकटाच काय बडबडत होतास?"

मामा शेडच्या भिंतीला टेकून भडाभडा ओकला.

बोळा त्याने रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकून, पेट्रोल ओतून जाळला. नीट जळेना. चरचरत, फुटत राहिला. हात त्याने साबणाने धुतले, रॉकेलने धुतले, थिनरने धुतले. मग बोल्ट घासून नवी वायर बसवली. काम अर्धवट टाकायचं त्याच्या रक्तातच नाही.

काय घडलं ते त्याने आईला सगळं सांगितलं. गाडी विकून टाक म्हणाला.

"आणि उद्या यांना खांद्यावर टाकून नेऊ?" आई म्हणाली. "दादा, सुरू झाली ना ती? मग झालं."

दलालाला विचारलं. त्याने हात झटकले. आधीचा मालक कोण, त्यालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर ती गाडी एकदाही बंद पडली नाही. महिनोन्‌महिने आईने बाबांना तिच्यातूनच नेलं-आणलं. वासही गेला. आम्हीही विसरत चाललो होतो.

मग ती सकाळ आली.

नेहमीप्रमाणे आई बाबांना घेऊन हॉस्पिटलला पोचली. वॉर्डबॉयने मागचं दार उघडलं आणि डॉक्टरला हाक मारली. डॉक्टरने बाबांची नाडी पाहिली, पापण्या उघडून पाहिल्या.

"बाई, यांना जाऊन बराच वेळ झालाय. अंग पार गार पडलंय."

"काहीतरीच काय!" आई म्हणाली. "आत्ता फाटकातून आत येताना बोलले माझ्याशी."

मामा मला घेऊन धावत आला तेव्हा ती हेच पुन्हा पुन्हा सांगत होती. मामाने तिला बाकावर बसवलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

"तू मागे वळून बघितलंस का?"

"गाडी चालवू की मागे बघू? आडवे होते ते, आरशात कुठून दिसणार?"

"मग काय म्हणाले?"

"मी विचारत होते, बरं वाटतंय ना? तर हो म्हणत होते. काच वर घे म्हणाले." आईने पदराने डोळे पुसले. "आणि पुलावर आल्यावर म्हणाले, भूक लागलीय."



बाबांना कित्येक महिने अन्न बघवत नव्हतं. दोन घास भरवायचे तर आईला तासभर विनवण्या कराव्या लागत.

"मला इतकं बरं वाटलं रे," आई म्हणाली. "वाटलं, आता सुधारतील. म्हणून मग मी गाडी सावकाश घेतली."

मामाने त्याच संध्याकाळी गाडी भंगारात दिली. त्याने तिच्यात पाऊल ठेवलं नाही, दोरीने ओढत नेली.

आई हे आजही आल्यागेल्याला सांगते, की शेवटी त्यांना भूक लागली होती. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मामा मात्र तेवढं ऐकलं की उठून बाहेर जातो.

हल्ली मीही जाते.