दारातले दोन जोड

तो लिफ्टवाला तिच्या वाट्याला आला तो निव्वळ योगायोगानं. घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या त्यांच्या ऑफिसातली दुसरी मुलगी आजारी पडली आणि त्याला भाड्याचं घर मिळवून देण्याचं काम साहेबांनी हिच्या गळ्यात मारलं. तेव्हापासून घरामागून घर पाहणं चाललं होतं. मालक आधी गोड बोलायचे. त्याचे उच्चार कानावर पडले, की घर ‘कालच गेलेलं’ असायचं.

कारण तिला पक्कं ठाऊक होतं. तीही त्याच्याच मुलखातली, लहानपणी आईबाबांबरोबर इथं आलेली. पण तिनं आडनाव बदललं, उच्चार घासूनपुसून घेतले आणि ऑफिसात कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही.

“घरात बोलतेस तसं बाहेर बोललीस तर जीभ झडेल का गं?” आई विचारायची. घरी जीव रमत नव्हता आणि बाहेर धास्ती सुटत नव्हती.

आज पाऊस भुरभुरत होता. जिना चढता चढता तो म्हणाला, “नशीब बघा मॅडम! दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, आणि स्वतःला घर पाचव्या मजल्यावर, बिनलिफ्टचं!”

“मिळालं तर!” ती हसली.

तो कठड्याशी बोलल्यासारखा आपल्या भाषेत पुटपुटला, “हसली की काय गोड दिसते… पण सांगायचं कुणाला?”

तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र लालेलाल झाले.

“मॅडम… तुम्हाला कळलं?”

“काय? — पायरी ओली आहे, जपून.”

वर पोचल्यावर तिनं कुलूप काढलं. खिडकी दाखवली, नळ सोडून दाखवला. त्याचं लक्ष तिच्या पायांकडे.

“काय बघताय?”

त्यानं नुसतं दाराकडे बोट केलं. इथली माणसं बूट घालूनच घरभर वावरतात. पण उंबऱ्याबाहेर त्याचे बूट होते आणि त्यांना खेटून तिच्या चपला. कधी काढल्या, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

“सवय…” तो हळूच म्हणाला, “आईनं लावलेली ना?”

ती काही बोलणार, एवढ्यात धापा टाकत मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या.

“हे बूट त्याचे, ते कळलं. असल्या लोकांना मी घर देत नाही, तुला सांगायला हवं का? तू तर आपल्यातली! आणि ह्या चपला कुणाच्या?”

‘चावत होत्या म्हणून काढल्या’ एवढं म्हटलं की सुटका होती. बाई म्हणजे साहेबांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी एक शब्द टाकला, की नोकरीवर पाणी सोडावं लागणार. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती, तिचं गुपित झाकायला. ते पाहून तिला स्वतःचा इतका राग आला…

“माझ्या,” ती म्हणाली. “मीही यांच्यातलीच आहे, बाई.”

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

खाली रस्त्यावर तो कळवळून म्हणाला, “घर गेलं ते गेलं, आता तुमची नोकरीही जाईल… माझ्यापायी.”

“तुमच्यापायी कशाला? चपलांपायी!”

ती हे आपल्या भाषेत बोलली होती, भर रस्त्यात, मोठ्यानं. तो बघतच राहिला. उद्या साहेबांना काय सांगायचं, तिला सुचत नव्हतं.

“जिन्यात काय म्हणालात,” ती म्हणाली, “ते माझ्याकडे बघून म्हणा ना पुन्हा.”

आता त्याचे कान लाल झाले.