नावं बदलायची नाहीत

फोन आला तेव्हा विश्वजीत शिक्रापूरच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसला होता. एक मोठी झिप फाइल उलगडत होती, हिरवी पट्टी अर्ध्यावर आली होती. पलीकडून मेव्हणा रोहन म्हणाला, “दाजी... ताई गेली.”

धनश्री माहेरी दौंडला गेली होती. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, ती तिथंच संपली. पट्टी भरेपर्यंत विश्वजीत जागचा उठला नाही. अशा फायली उलगडायला त्याला तिनंच शिकवलं होतं.

लग्नाआधी दौंडात एका फोटोवाल्याच्या दुकानात ती कामाला होती. विश्वजीतच्या चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग तिनं पेनड्राइव्हवर दिलं होतं. घरी काहीच दिसेना, म्हणून मांडवगण फराट्याहून भीमेचा पूल ओलांडून तो भांडायलाच गेला.

“चारी फायली खराब हायेत. एकबी उघडत न्हाई.”

तिनं पेनड्राइव्ह लावला आणि पडद्याकडं बघत राहिली. हळद, लग्न, पंगत, वरात.

“ही नावं कुणी ठेवली?”

“म्या. चार फायली, चार कार्यक्रम... म्हणलं, घरच्यांना सापडायला बरं.”

“बारसं घालून आणलंत म्हणा की.” हसू दाबायला तिनं पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली. मग समजावून सांगितलं. फाइल एकच आहे, मोठी म्हणून चार भाग केलेत. एक भाग पुढच्याला नावानं हाक मारतो. तुम्ही नावंच बदललीत, मग कोण कुणाला ओ देणार?

तिनं जुनी नावं परत घातली, फाइल उलगडायचं सॉफ्टवेअरही पेनड्राइव्हवर दिलं. आधी हे बसवायचं, मग चारी भाग एका फोल्डरात ठेवायचे आणि राइट क्लिक फक्त पहिल्यावर करायचं. बाकीचे मागून येतात.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दुकानात उभा.

“बसलं न्हाई सॉफ्टवेअर?”

“बसलं की.”

“मग?”

“काढून टाकलं... म्हंजी, परत इचारायला यायला नको का?”

तिनं मान खाली घालून किबोर्डवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

असं दोन-तीनदा झाल्यावर एकदा चहा पिताना तिनं विचारलं, “तुमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलत्यात?”

“बदलत्यात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं लिवतो.”

“मग मला हाक मारली तर कळायची कशी?”

विश्वजीतनं कप खाली ठेवला. म्हणाला, “तुमचंच लिवीन... येत असाल तर.”

ती आली. ताटाभोवती बाया जमल्या होत्या. आई साळूबाईंनी विश्वजीतला जुळतं म्हणून विजया हे नाव ठरवलं होतं. त्यानं तांदळात धनश्री लिहिलं.

“आरं, हे तर तिचंच हाय.”

“तिचंच ऱ्हाऊ दे, आई.”

साळूबाई दोन दिवस फुगून बसल्या. धनश्रीनं वर पाहिलं नाही, पण तिचं कोपर त्याच्या कोपराला हळूच लागलं... आणि तिथंच राहिलं.

त्यांच्या लग्नाचं शूटिंग तिनं स्वतःच झिप करून चार भागांत ठेवलं होतं. संसारात ते बघायचं राहूनच गेलं. त्यात तिचा उखाणा होता. घरात ती त्याला अहो म्हणायची. नाव घेतलं होतं ते तेव्हाच.

दशक्रिया उरकली. विश्वजीतनं तिचे चारी भाग नव्या लॅपटॉपवर घेतले, सॉफ्टवेअर आणून बसवलं. साळूबाई येऊन शेजारी टेकल्या.

“लाव की रं. मलाबी ऐकू दे माझ्या धनश्रीला.”

आईच्या तोंडी ते नाव कधी रुळलं, हे विश्वजीतच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“लावतो,” तो म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

चारी भाग एका फोल्डरात आहेत. नावं बदललेली नाहीत. पहिल्यावर क्लिक करायचं अजून राहिलं आहे.