उसवणीचा आवाज

हिमानी दुपटी न्यायला दवाखान्यातून नंदनवनच्या घरी आली, तेव्हा उन्हानं रस्त्यावर कुत्रंही उरलं नव्हतं. सातव्या महिन्यात झालेली तिची लेक काचेच्या पेटीत होती. पोरीचे ठोके घसरले की नर्सच्या टेबलावर घंटा वाजे. ती वाजवणारा प्रोग्राम रितिकाचा, हिमानीच्या नणंदेचा. वॉर्डातल्या एकूणएक बाईला हिमानीनं हे सांगून ठेवलं होतं.

घरात रितिका लॅपटॉपसमोर घामाघूम बसली होती.

"वहिनी, सकाळी नवीन व्हर्जन टाकलं... घंटाच मुकी झाली."

हिमानी टेबलाशी धावली. "मंग जुनं टाक नं वं!"

"तेच करून राहिली. सर्व्हरवर शेकडो कंटेनरांत, म्हंजे एकसारख्या डब्यांत चालते हा प्रोग्राम. एक डबा बंद केला का तसाच बिघडलेला दुसरा आपोआप उभा होते. मागच्या व्हर्जनवर नेलं, तर तेही बिघडलेलं."

तेवढ्यात वीज गेली. कूलर गप्प झाला, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर, फोनच्या नेटवर चालू राहिला. ओल्या मातीचा वास आला... आणि फरशीखालून आवाज.

खट्... खट्...

रितिकाचं टेबल होतं तिथंच सासूबाईंचा, मैनाबाईंचा हातमाग होता. खड्ड्यात पाय सोडून त्या विणत. त्या गेल्या, खड्डा बुजवला, वर फरशी बसवली. पण आवाज हिमानीनं ओळखला. विणताना पायांनी दाबायच्या पावड्या खटखटत आणि त्यांमागून धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका पडे. चूक उसवताना नुसत्या पावड्या वाजत.

आता फणी गप्प होती.

"अजून एक मागं नेलं," रितिका कुजबुजली. "थांबू इथं?"

खट्... खट्...

"थांबू नको... अजून मागं जा."

"तुले काय समजते वं त्यातलं?"

"आईचे पाय थांबले नाही अजून..."

रितिकानं वर पाहिलं नाही. तिलाही ऐकू येत असावं. ती अजून एक व्हर्जन मागं गेली.

धप्प! फणीचा एकच ठोका. मग शांतता.

फोन वाजला. वॉर्डातल्या नर्स, सिंधूताई. "घंटा वाजली म्हणून धावली बाई! पोरगी निळी पडली होती... आता बरी आहे."

"मैनाबाईची लेक आहे माही नणंद!" हिमानी ऑटोवाल्यालाही सांगत गेली.

पेटीत पोरगी झोपेत पाय हलवत होती. एक खाली, एक वर... हिमानी कौतुकानं हसली. दुपटं घालताना तिनं तळव्यांना हात लावला.

ते गार होते. आणि इवल्या बोटांच्या बेचक्यांत ओली माती होती.